वापरलेला फ्लॅश घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात कर्वेनगरला राहतो आणि महाविद्यालयीन नाट्यसंघांच्या कलाकारांची छायाचित्रे व एकांकिकांची पोस्टरे हौसेने करतो. माझ्याकडे निकॉनचा डी-५६०० कॅमेरा आणि १८-५५ची लेन्स आहे. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने चेहरे सपाट येतात, म्हणून फ्लॅश स्टँडवर लावून छत्रीतून बाजूने प्रकाश द्यायचा आहे. स्टँड, छत्री आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारे साधन) धरून आठ हजारांच्या वर जाता येणार नाही. निकॉनचाच, टीटीएल आणि हायस्पीड सिंक असलेला फ्लॅश वापरलेला घ्यावा, असे मित्रांचे म्हणणे आहे. काहींनी जुन्या बाजारात पाहायला सांगितले. काय करावे?

उत्तर : मित्रांच्या सल्ल्यातला अर्धा भाग आपल्या कामाचा नाही, आणि नेमक्या त्याच भागासाठी जास्त पैसे मोजावे लागतात. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक हलका उजेड पाडून पाहतो आणि फ्लॅश किती जोरात उडवायचा हे स्वतः ठरवतो. मंगल कार्यालयात फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून नवरा-नवरीच्या मागे फिरणाऱ्याला ही सोय हवीच, कारण त्याचे अंतर दर छायाचित्राला बदलत असते. आपला फ्लॅश मात्र स्टँडवर एका जागी उभा राहणार आहे, नट खुर्चीवर बसणार आहे, आणि एकदा ठरवलेली पॉवर पुढची वीस छायाचित्रे तशीच चालणार आहे. किंबहुना काळ्या अंगरख्यातल्या पात्रानंतर पांढऱ्या साडीतले पात्र समोर आले की टीटीएल आपला हिशेब बदलते आणि दोन चेहऱ्यांचा उजेड वेगवेगळा येतो. पोस्टरवर ते दोन चेहरे शेजारी बसवताना ही गोष्ट फार त्रास देते. हायस्पीड सिंक म्हणजे मर्यादेपेक्षा वेगवान शटरबरोबरही फ्लॅश चालवण्याची सोय. तिचा प्रश्न तर आपल्यापुरता मिटलेलाच आहे, कारण डी-५६०० मध्ये ती सोय नाही. या कॅमेऱ्यावर फ्लॅशबरोबर १/२०० सेकंद ही शटरची मर्यादा आहे, मग फ्लॅश कितीही महागाचा असो.

स्टँडवरच्या फ्लॅशकडून मागण्या थोड्या असतात, पण त्यांत तडजोड करू नये. पहिली मागणी अशी की पॉवर हाताने कमी-जास्त करता आली पाहिजे आणि तीही फ्लॅशच्या अंगावरच्या बटणांनी. निकॉनचा छोटा एसबी-४०० आणि कॅननचा ४२० ईएक्स यांच्यावर अशी बटणेच नाहीत, त्यामुळे ते कितीही स्वस्त मिळाले तरी आपल्या उपयोगाचे नाहीत. दुसरी मागणी अशी की पॉवर पूर्ण, निम्मी, पाव अशी उतरत निदान १/६४ पर्यंत गेली पाहिजे. ग्राहक फ्लॅश किती मोठा उजेड पाडतो तेवढेच विचारतात. तो किती लहान उजेड पाडू शकतो हे विचारणारा विरळा.

याचे महत्त्व आपल्याच कामातल्या एका उदाहरणावरून पाहू. समई हाती धरलेल्या नटीचे छायाचित्र काढायचे आहे आणि ज्योतीचा उजेडही त्यात उतरायला हवा आहे. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/५.६ आणि शटर बऱ्यापैकी संथ ठेवावे लागेल. छत्री चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे. आयएसओ १०० ला गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा; त्याला मीटरमधल्या अंतराने भागले की ॲपर्चर मिळते) ३६ असलेला फ्लॅश उघडा धरला, तर १ मीटरवर पूर्ण पॉवरला एफ/३६ एवढा उजेड देतो. छत्री त्यातले साधारण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे) खाते, म्हणजे एफ/१८ उरले. आयएसओ ८०० मुळे तीन स्टॉप वाढले, म्हणजे एफ/५१ च्या आसपास आलो. तिथून एफ/५.६ पर्यंत उतरायला सहा स्टॉपांहून थोडे अधिक लागतात, आणि पूर्ण पॉवरपासून सहा स्टॉप खाली म्हणजेच १/६४. निकॉनचा जुना एसबी-२४ हा फ्लॅश १/१६ वर थांबतो. तो वापरला तर उजेड दोन स्टॉप जास्त पडेल आणि तो कमी करायला छत्री २ मीटरवर न्यावी लागेल. तसे केले की चेहऱ्याच्या मानाने छत्री लहान होते आणि सावल्या कडक होतात, म्हणजे ज्यासाठी छत्री आणली तेच हातचे जाते.

गाइड नंबरच्या मोठेपणाला भुलू नये. काही कंपन्या तो फ्लॅशच्या तोंडाचा झूम १०५ मिलिमीटरवर धरून सांगतात, काही २०० वर, तर काही ३५ वर. योंगनुओच्या वायएन-५६० मालिकेचा ५८ हा आकडा १०५ च्या झूमचा आहे आणि निकॉन एसबी-२८चा ३६ हा ३५ च्या झूमचा. एकाच्या तोंडचा प्रकाशझोत अरुंद करून मोजला आहे, एवढाच बराचसा फरक; ताकदीने दोघे एकाच माळेचे मणी आहेत. छत्रीत मारताना झूम ३५ च्या आसपासच ठेवायचा असतो. एवढ्या ताकदीचा फ्लॅश छत्रीतून २ मीटरवरून आयएसओ १०० ला पूर्ण पॉवरवर एफ/९ आणि पाव पॉवरवर एफ/४.५ देईल, जे खोलीत किंवा तालमीच्या हॉलमध्ये पुरेसे आहे. भर दुपारी पर्वतीवर मात्र हे जमणार नाही, कारण तिथे उन्हासाठीच १/२०० ला एफ/११ लागतो आणि छत्रीतला फ्लॅश त्याला पुरा पडत नाही. तिथे छत्री काढून उघडा फ्लॅश वापरावा, किंवा सरळ संध्याकाळी जावे.

आता नावे. आपल्यासाठी माझी पहिली पसंती गोडॉक्स टीटी-६०० किंवा योंगनुओ वायएन-५६० च्या तिसऱ्या वा चौथ्या आवृत्तीला आहे. दोन्हींत टीटीएल नाही, दोन्हींची पॉवर १/१२८ पर्यंत उतरते, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ रिसीव्हर आतच बसवलेला आहे. त्यामुळे कॅमेऱ्यावर फक्त त्या कंपनीचा ट्रान्समीटर लावावा लागतो आणि वेगळ्या रिसीव्हरचा खर्च, त्याचे सेल आणि त्याची वायर हे सगळे वाचते. फ्रीक्वेन्सी एकच असली तरी दोन्ही कंपन्यांची सांकेतिक भाषा वेगळी आहे. गोडॉक्सचा ट्रान्समीटर योंगनुओच्या फ्लॅशशी बोलत नाही. म्हणून पुढेमागे दुसरा फ्लॅश घ्यायचा असेल, तर घराणे आजच ठरवावे. वायएन-५६० घेताना नावापुढे रोमन तीन किंवा चार आहे याची खात्री करावी. पहिल्या दोन आवृत्त्यांत रेडिओ नाही आणि लांबून पाहिले तर सगळे सारखेच दिसतात.

निकॉनच्या जुन्या फ्लॅशांपैकी १९९४ चा एसबी-२६ आणि १९९७ चा एसबी-२८ हे आजही चांगले कामाचे आहेत. दोन्ही १/६४ पर्यंत उतरतात, दोन्हींना ट्रिगर जोडणाऱ्या सिंकच्या वायरीसाठी सॉकेट आहे आणि एसबी-२६ मध्ये तर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडण्याची सोयही आहे. बांधणी आजच्या स्वस्त फ्लॅशांपेक्षा भक्कम. पण त्यांचे वय लक्षात घेऊनच किंमत द्यावी. एसबी-२६ स्टँडवर वापरताना त्याचे बटण ‘स्टँडबाय’वर न ठेवता ‘ऑन’वर ठेवावे, नाहीतर तो थोड्या वेळाने झोपी जातो, ट्रिगर त्याला उठवू शकत नाही, आणि माणूस विनाकारण ट्रिगर बदलून आणतो.

आठ हजारांपैकी निम्म्याहून थोडे अधिक फ्लॅशला, उरलेले ट्रान्समीटर, स्टँड आणि छत्रीला, अशी वाटणी करावी. दुकानात नव्याचा भाव आधी विचारून ठेवावा. वापरलेल्याची किंमत नव्याच्या साठ टक्क्यांच्या पुढे जाऊ लागली, तर नवा घेणे शहाणपणाचे. स्टँडवर मात्र हात फार आखडता घेऊ नये. उघड्यावर छत्री शिडासारखी वारा धरते आणि फ्लॅश मोडण्याचे पहिले कारण जमिनीवर पडणे हेच असते. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधावी.

घेण्याआधीच्या तपासणीसाठी आपला कॅमेरा आणि चार्ज केलेले आपले चार रिचार्जेबल सेल सोबत न्यावेत. विक्रेत्याच्या अर्धमेल्या सेलांवर फ्लॅशची परीक्षा होत नाही. प्रथम सेलचे झाकण उघडून आतल्या पट्ट्या आणि स्प्रिंग पाहाव्यात. पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर आत कधीतरी सेल गळले आहेत. ते खरवडून साफ केलेले असले, तर स्प्रिंगची चकाकी गेलेली असते आणि तेवढ्यावरूनही कळते. मग फ्लॅश बंद असताना पुढची काच, म्हणजे खरे तर प्लॅस्टिकचा पडदा, उजेडाकडे धरून पाहावा. त्यावर तपकिरी डाग किंवा वितळल्याची खूण असेल, ट्यूबची टोके काळवंडलेली असतील, तर तो फ्लॅश कुणीतरी पूर्ण पॉवरवर न थांबता उडवत आला आहे.

त्यानंतर पाच छायाचित्रांची एक परीक्षा घ्यावी. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि तिच्याइतके दुसरे काही बोलके नाही. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/२००, फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवून, साध्या भिंतीपासून सुमारे २ मीटरवर. पूर्ण पॉवरला एफ/१६, निम्म्याला एफ/११, पावाला एफ/८, १/८ ला एफ/५.६ आणि १/१६ ला एफ/४ अशी पाच छायाचित्रे काढावीत. एफ/४ मिळावा म्हणून लेन्स १८ च्या टोकाला ठेवावी. पॉवर जेवढी उतरली तेवढेच ॲपर्चर उघडले असल्यामुळे पाचही वेळा भिंत सारखीच उजळ दिसली पाहिजे. एखादे पाऊल अडखळले, म्हणजे पाव आणि १/८ मध्ये फरकच पडला नाही किंवा एकदम दुप्पट पडला, तर फ्लॅशच्या आतले नियंत्रण बिघडले आहे. असा फ्लॅश फुकट मिळाला तरी स्टँडवर डोकेदुखीच देईल. यानंतर १/१६ वरच ओळीने आठ-दहा छायाचित्रे काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर भराभर पुढे सरकवावीत. उजेड लुकलुकताना दिसला तर सौदा सोडून द्यावा.

पूर्ण पॉवरनंतर तयारीचा दिवा पुन्हा लागायला चांगल्या सेलवर साधारण तीन ते पाच सेकंद लागतात. पुष्कळ दिवस पडून असलेला फ्लॅश पहिल्यांदा बराच वेळ घेतो, ते क्षम्य आहे. चौथ्या-पाचव्या वेळीही दहा-दहा सेकंद लागत असतील तर नाही. पडद्यावरचा डाग, घासलेला रंग, हरवलेली पिशवी यांवरून भाव पाडून घ्यावा, पण त्यासाठी चांगला फ्लॅश सोडू नये. फ्लॅशचा हलणारा पायही (कॅमेऱ्यावर बसणारा भाग) दुरुस्त होतो. फ्लॅश स्वतः मात्र कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच काळ टिकतो.

राहिला प्रश्न कुठे घ्यावा याचा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फेरफटका जरूर मारावा, पण तिथे सेल घालून पाच छायाचित्रे काढू देणारा विक्रेता भेटेलच असे नाही, आणि न तपासता फ्लॅश घेणे मला पटत नाही. वापरलेले कॅमेरे ठेवणाऱ्या दुकानात चार पैसे जास्त गेले तरी निदान परत जाऊन बोलायला एक पत्ता असतो. हौशी माणसाचा, दोन सहली आणि एका बारशाला वापरलेला फ्लॅश मिळाला तर सर्वांत उत्तम. लग्नाच्या छायाचित्रकाराचा फ्लॅश एकेका मुहूर्ताला शेकडो वेळा उडालेला असतो, त्यामुळे तो पडदा आणि ट्यूब पाहूनच घ्यावा. चातुर्मासात लग्ने थंडावलेली असतात. अशा व्यावसायिकाला तेव्हा आपल्याशी बोलायला सवड असते आणि भावही जरा नरम लागतो.

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा १५००डी आहे. एका परिचिताकडून वायएन-५६० आणि त्याचा साधा रेडिओ ट्रिगर वापरून पाहायला आणला. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यावर तो व्यवस्थित चालतो, माझ्या कॅमेऱ्यावर उडतच नाही. ट्रिगर बिघडला असेल का? (हडपसर)

उत्तर : ट्रिगर बहुधा ठणठणीत आहे. आपल्या कॅमेऱ्याच्या हॉटशूकडे, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेकडे, नीट पाहावे. जवळजवळ सर्व कॅमेऱ्यांवर तिथे मधोमध एक मोठा गोल संपर्कबिंदू असतो आणि साधे ट्रिगर त्याच एका बिंदूवर चालतात. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डीच्या दुसऱ्या आवृत्तीत हा मधला बिंदू काढून टाकला आहे, आणि उरल्या आहेत त्या फक्त कॅननच्या स्वतःच्या संवादाच्या छोट्या पिना. त्यामुळे या कॅमेऱ्यांसाठी कॅननच्या टीटीएलशी जुळणारा, सर्व पिना असलेला ट्रान्समीटरच लागतो. फ्लॅश साधा मॅन्युअल असला तरी हरकत नाही, कारण तो स्टँडवर रेडिओने ऐकणार आहे. ट्रान्समीटर मात्र आपल्याच कॅमेऱ्यावर लावून, उडवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोक्यावर ‘कॅननसाठी’ असे छापले आहे एवढ्यावर विसंबू नये. नवा कॅमेरा घ्यायच्या विचारात असलेल्या वाचकांनीही दुकानात हॉटशूवर एकदा नजर टाकावी.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना सासऱ्यांचा विव्हिटार २८३ फ्लॅश सापडला. सेल घातल्यावर शिट्टीसारखा आवाज येऊन दिवाही लागला. तो माझ्या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर वापरता येईल का?

उत्तर : कॅमेऱ्यावर बसवू नये, निदान मोजल्याशिवाय तर मुळीच नाही. त्या काळच्या फ्लॅशमध्ये पायाच्या मधल्या बिंदूवरच मोठा दाब येत असे, आणि जुन्या विव्हिटारांत तो २०० व्होल्टच्याही पुढे गेलेला आढळतो. त्या काळच्या कॅमेऱ्यात शटरबरोबर धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकत, त्यांना याचे काही वाटत नसे. आजच्या कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. काही डिजिटल कॅमेरे २५० व्होल्टपर्यंत सोसतात, तर कॅननच्या काही जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा अवघी ६ व्होल्ट होती. मोजायचे असल्यास मल्टिमीटर डीसीच्या वरच्या पट्टीवर ठेवून, फ्लॅश सुरू करून दिवा लागू द्यावा, आणि एक टोक पायाच्या मधल्या बिंदूला तर दुसरे पायाच्या कडेच्या धातूला लावावे. बोटे धातूपासून दूर असावीत. आकडा २४ च्या आत असेल तर आजचे बहुतेक कॅमेरे व ट्रिगर सुरक्षित आहेत.

आकडा मोठा निघाला तरी फ्लॅश टाकून देऊ नये. तो दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडावर उडवणारा ऑप्टिकल स्लेव्ह त्याच्या पायाला लावला, तर कॅमेऱ्याशी त्याचा तारेचा संबंधच राहत नाही. मात्र स्लेव्ह घेतानाही तो किती व्होल्ट सोसतो हे विचारावे. २८३ वर पॉवर पायऱ्यांनी कमी करण्याची सोय मुळात नव्हती, त्यासाठी वेगळे जोडसाधन मिळत असे. म्हणून चेहऱ्यावर मारण्यापेक्षा मागच्या भिंतीवर किंवा पडद्यावर उजेड टाकायला तो ठेवावा आणि जोर कमी-जास्त करायला त्याला पुढे-मागे सरकवावे. इतकी वर्षे पडून असलेल्या कपॅसिटरला हळूहळू सवय लागू द्यावी: फ्लॅश सुरू करून दिवा लागल्यावर काही मिनिटे तसाच राहू द्यावा, एकदा उडवावा, पुन्हा थांबावे, आणि लगोलग फ्लॅशमागून फ्लॅश मारू नयेत. पुढे महिन्यातून एकदा चार्ज करून उडवला म्हणजे कपॅसिटर ठीक राहतो.

प्रश्न : रेडिओ ट्रिगरचे पैसे वाचवण्यासाठी कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशने स्टँडवरचा फ्लॅश उडवला तर चालेल ना? घरगुती समारंभांची छायाचित्रे काढतो. (चिंचवड)

उत्तर : घरात, चार भिंतींच्या आत, चालेल. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर सर्वांत कमी पॉवरला ठेवावा आणि स्टँडवरचा एस-१ वर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा पहिलाच उजेड पाहून उडण्याच्या सोयीवर. कॅमेऱ्यात मॅन्युअलची सोय नसेल तर एस-२ निवडावा; त्यात टीटीएलच्या आधीच्या छोट्या उजेडाकडे दुर्लक्ष केले जाते, नाहीतर आपला फ्लॅश छायाचित्र निघण्याच्या आधीच उडून मोकळा होतो. उन्हात या पद्धतीचा भरवसा नाही. आणि समारंभात दुसरा छायाचित्रकार असेल तर त्याच्या प्रत्येक फ्लॅशला आपलाही फ्लॅश उडेल, त्याच्या छायाचित्रांत भलतीकडून उजेड येईल आणि आपले सेल जेवणाच्या पंगतीआधी संपतील. मंगल कार्यालयात जायचे असेल तर ट्रिगर घ्यावाच.

प्रश्न : लिथियम बॅटरीवर चालणारा गोडॉक्स व्ही-८६० चा दुसऱ्या आवृत्तीचा वापरलेला फ्लॅश चांगल्या भावात मिळतो आहे. घ्यावा का? (बाणेर)

उत्तर : फ्लॅश उत्तम आहे, भरभर तयार होतो आणि एका चार्जवर पुष्कळ चालतो. पण आपण जे विकत घेत आहात त्यातला निम्मा जीव त्या बॅटरीत आहे. ती बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवावी. पोट फुगलेले असेल, किंवा बॅटरी फ्लॅशमध्ये घट्ट बसून निघायला त्रास देत असेल, तर ती वापरू नये. नव्या बॅटरीची आजची किंमत विचारून तेवढी रक्कम भावातून वजा करण्याचा आग्रह धरावा. चार्जर मूळचा आहे ना, हेही पाहावे. विक्रेता बॅटरीशिवाय दाखवत असेल आणि ‘घरी आहे, नंतर देतो’ म्हणत असेल, तर ती हातात आल्यावरच व्यवहार करावा.